पोतं खाली ठेवा

"सोडून द्या हो वहिनी, मांजराला कधी वळण लागलंय का?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या पडवीत उभं राहून एका शेजाऱ्यांनी हे वाक्य टाकलं, तेव्हा त्यांच्या पायाशी सुतळीनं तोंड बांधलेलं पोतं होतं आणि ते हलत होतं. आत त्यांच्याच घरात वाढलेली दीड वर्षाची मांजरी. पर्यटकांना द्यायच्या खोलीतल्या गादीवर ती तीन दिवसांत दोनदा मुतली होती. तिला जयगडच्या बंदरावर नेऊन सोडायचं ठरलं होतं. सर ओसरली की निघायचं, तोवर ते आमच्याकडे टेकले होते.

हे गृहस्थ दुष्ट नाहीत. देवाच्या डोंगराला प्रदक्षिणा घालताना वाटेत गाय दिसली तर तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. म्हणूनच मला त्या वाक्याची जास्त चीड आली. चांगल्या माणसाच्या हातून निर्दय काम करवून घ्यायचं आणि वर त्याला रात्रीची झोपही लागू द्यायची, एवढी ताकद त्या एका वाक्यात आहे. गणपतीपुळ्यात, मालगुंडात, नेवऱ्यात, रत्नागिरी शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांतही ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

त्या वाक्यामागचं सगळं मत आधी नीट मांडते. मांजर कृतघ्न. कुत्रा माणसाचा, मांजर घराचं. कुत्र्याला सांगून कळतं, मांजराला मारूनही कळत नाही. ते घरात घाण करतं ते मुद्दाम, सूड म्हणून. एकदा चटक लागली की सुटत नाही. म्हणून पहिल्याच वेळी त्याचं नाक त्या घाणीत घासावं, दोन फटके द्यावेत, वर फिनेल ओतावं. तरी नाही सुधारलं तर बंदरावर सोडावं. तिथे मासळी असते, ते काही उपाशी मरत नाही.

ह्यातलं एकेक वाक्य उचलून उन्हात धरलं तर काय उरतं?

वळण लागत नाही, इथूनच सुरुवात करू. मांजरीचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला स्वतःहून शी-शू करता येत नाही. पहिले तीनेक आठवडे आई त्याचा पार्श्वभाग चाटून त्याला ते करायला लावते आणि सगळं स्वतःच साफ करते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू धडपडत चालू लागतं, आणि पायाखाली भुसभुशीत माती किंवा वाळू आली की उकरू लागतं. खड्डा करतं, बसतं, वास घेतं, माती लोटतं. हे त्याला कुणी शिकवत नाही. आईवेगळं झालेलं, ड्रॉपरनं दूध पाजून वाढवलेलं पिल्लूसुद्धा हेच करतं. तुमच्याआमच्या पोरांना लंगोट सुटेपर्यंत दोन-तीन वर्षं लागतात, कुत्र्याच्या पिल्लामागे काही महिने धावावं लागतं. महिन्याच्या आत हे वळण घेऊन आलेला तुमच्या घरातला एकमेव जीव मांजर आहे. त्यालाच बेशिस्त म्हणायचं?

जगभरची घरगुती मांजरं पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासानं दाखवून दिलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. त्या रानमांजराचा मुलूख कोरडा, रेताड. पाणी कमी, म्हणून मूत्र दाट आणि उग्र. आणि वास लपवायला पायाखाली वाळू. मांजराला वाळू हवी असते ती हजारो पिढ्यांच्या सवयीनं. आता आपल्या गणपतीपुळ्याकडे बघा. पुळण म्हणजे वाळूचा किनारा, आणि गावाचं नावच त्यावरून पडलं असं मानतात. वाळूच्या नावाच्या गावात मांजराला वाळू मिळेना आणि ते गादीवर गेलं, तर चूक कुणाची?

कारण वाळू आणि माती आपण त्याच्यापासून काढून घेतली आहे. मी ह्या गावात लग्न होऊन आले तेव्हा घरापुढे शेणानं सारवलेलं खळं होतं, मागे परसू, पोफळी-माडांची आळी, आळ्यांत पालापाचोळा आणि मऊ माती, गडग्याच्या कडेला राखेचा ढीग. मांजरं परसवात जायची, उकरायची, झाकायची, परत यायची. घरात कुणी कधी त्यांची घाण पाहिली नाही, म्हणून त्यांना वळण असतं हेच कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग पर्यटक वाढले. ज्यांच्याकडे दोन खोल्या जास्त होत्या त्यांनी घरगुती निवास काढले, त्यात काही वाईट नाही, आमचंही पोट त्यावर चालतं. गाड्या लावायला खळ्यात पेव्हर ब्लॉक आले, परसवात कोबा आला, माडांभोवती सिमेंटचे कठडे आले, चूल गेली तशी राखही गेली. जिथे माती उरली तिथे जांभ्याचा कातळ, नखं मोडतील पण खड्डा होणार नाही. मांजर तेच आहे, त्याची सवय तीच आहे. त्याचं शौचालय आपण बुजवलं, दुसरं दिलं नाही, आणि आता त्याला घाणेरडं म्हणतो आहोत. माणसाच्या घरातला संडास पाडून त्याला उघड्यावर बसतोस म्हणून मारायचं, असा न्याय कुठे असतो का?

त्यात पावसाळा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. उरलीसुरली माती चिखल होते, आळी तुडुंब भरतात. मांजर दाराशी जातं, पंजा बाहेर टाकतं, झटकतं आणि परत फिरतं. मग ते घरात कोरडं, मऊ, उकरता येईल असं काही शोधतं. काय मिळतं? तुसाचं पोतं, वाळत न आलेले कपडे, गोधडी, पाहुण्यांची गादी. त्यानं सूड घेतला नाही, त्यातल्या त्यात मातीसारखं काही निवडलं. मांजरांच्या तक्रारी वैशाखात का येत नाहीत, मृग लागल्यावरच का येतात, हा प्रश्न पोतं बांधणाऱ्यांपैकी एकानं तरी स्वतःला विचारला आहे का?

त्या दिवशी मी शेजाऱ्यांना पोतं सोडायला लावलं. माडीच्या कामाची उरलेली वाळू आमच्या मांगरात कोरडी पडली होती. एका जुन्या घमेल्यात चार बोटं उंचीची ओतली आणि घमेलं न्हाणीच्या बाजूच्या खोलीत ठेवलं. मांजरीला त्याच खोलीत तिच्या ताटलीसह ठेवून दार लोटलं. ताटली एका टोकाला, घमेलं दुसऱ्या टोकाला, कारण मांजर जेवतं तिथे घाण करत नाही. दिवेलागणीला दार उघडलं तेव्हा घमेल्यात उकरल्याची खूण होती आणि वर वाळूचा नीट उंचवटा. शेजारी बराच वेळ तिथे उभे होते. ती मांजरी आज त्यांच्याच घरात आहे. तिला शिकवायला लागलेला वेळ: एक संध्याकाळ. त्यांना शिकवायला लागलेला वेळ ह्याहून जास्त, कारण वाळू रोज साफ करायची असते, हे त्यांना आठवडाभर सांगावं लागलं. घाण भरलेल्या घमेल्यात मांजर जात नाही. तुंबलेल्या संडासात तुम्ही जाल?

आता फटक्यांकडे येते. मारलं की कळतं, असं मानणाऱ्यांनी मांजराला काय कळतं ते बघावं. गादी ओली झाली सकाळी, तुम्ही पाहिलं दुपारी, फटका बसला तेव्हा मांजर खिडकीत झोपलं होतं. त्या क्षणी त्याला एवढंच कळतं की हे हात धोक्याचे आहेत. करतानाच पकडून मारलंत तरी ते शिकतं ते इतकंच की तुमच्यासमोर करायचं नाही. मग ते कपाटामागे, पलंगाखाली, माळ्यावर जातं, आणि तुम्ही म्हणता, बघा, लबाड आहे. नाक घासण्याची रीत तर ह्याहून वाईट. मांजराचं नाक तुमच्याआमच्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. जिथे वास शिल्लक आहे ती त्याच्या लेखी शौचाची जागा. नाक घासून तुम्ही त्याला तीच जागा पुन्हा ओळखवता. त्याच्या ओल्या वाळूचा एक खडा नव्या घमेल्यात टाकला तर जे काम बिनबोभाट होतं, तेच काम तुम्ही गादीच्या बाजूनं, छळ करून करता.

आणि फिनेल! हे मला सगळ्यात मोठ्यानं सांगायचं आहे, कारण हे करणाऱ्या बायका मांजरावर प्रेम करणाऱ्याही असतात. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट मोडता येत नाहीत. ते काम करणारी यंत्रणाच त्याच्यात अपुरी आहे. ह्याच कारणानं माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. फिनेलनं पुसलेल्या लादीवरून मांजर चालतं, मग बसून पंजे चाटतं आणि ते विष पोटात जातं. कोपऱ्याकोपऱ्यात टाकलेल्या डांबरगोळ्यांचंही तेच. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुवा, खाण्याचा सोडा टाकून ठेवा, गादीला कडक ऊन दाखवा. वास खरोखर गेला की ती जागा मांजरही विसरतं.

ते मुद्दाम करतं, हे वाक्य माझ्याच्यानं शांतपणे ऐकवत नाही, आणि त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याकडे गुंड्या नावाचा बोका होता. पिवळा, दांडगा, रात्री माझ्या पायाशी झोपणारा. जन्मात कधी त्यानं घरात घाण केली नव्हती. एका श्रावणात तो अचानक जागोजागी बसायला लागला. माजघरात बसायचा, कण्हायचा, दोन थेंब टाकायचा, उठून दुसरीकडे बसायचा. माझ्या अंथरुणावर बसला तेव्हा मी त्याला केरसुणीनं हाकलला. मला वाटलं, माजला आहे. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कणगीच्या मागे गार झालेला सापडला. पुढे एका जनावरांच्या डॉक्टरांशी सहज बोलणं निघालं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: थेंब थेंब होत होती का? बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. त्यात खडे किंवा गाळ अडकला की लघवी तुंबते, मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात विष चढतं आणि दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. वेळेवर नेलं तर नळी मोकळी करता येते. तो माझ्याकडे दुखतंय म्हणून सांगायला आला होता आणि मी केरसुणी उचलली. नेहमी वाळूत जाणारं मांजर एकाएकी बाहेर करू लागलं तर ते आजारी आहे असं आधी धरा. मूत्राशयाची सूज असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल, मधुमेह असेल. डॉक्टरांकडे न्या. सूड वगैरे शब्द नंतर वापरा, आणि तेव्हा तुम्हाला ते वापरावेसे वाटणार नाहीत.

बोक्यांबद्दल आणखी एक. शेपटी ताठ करून, उभ्यानं, भिंतीवर नाहीतर दाराच्या चौकटीवर तो जी पिचकारी मारतो ती लघवीची गरज नव्हे, ती हद्दीची खूण. तिला वाळूचा उपाय नाही हे मी मान्य करते. पण तिला उपाय आहे, आणि तो आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. खच्ची केलेले बहुतेक बोके ही सवय सोडून देतात. हे सुचवलं की लगेच ऐकू येतं, छे, मुक्या जनावराला असं करणं पाप आहे. ज्यांच्या गोठ्यात आजोबा-पणजोबांपासून खच्ची केलेले बैल नांगराला जुंपले गेले, आणि तेही भूल न देता, त्यांनी भूल देऊन केलेल्या पाच-दहा मिनिटांच्या शस्त्रक्रियेला पाप म्हणावं? मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. पाप शस्त्रक्रियेत आहे, की दर वेताला चार पिल्लं खोक्यात घालून रस्त्याकडेला ठेवण्यात आहे?

घरात गरोदर बाई आहे म्हणून मांजर हाकलणारे आहेत, त्यांची भीती मी समजू शकते. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून जातो हे खरं. पण ताज्या विष्ठेतून तो लागत नाही, संसर्गक्षम व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. घमेलं रोज दुसऱ्या कुणी साफ केलं, ती हात धुऊन जेवली, भाजी धुऊन घेतली, मांस नीट शिजवलं, तर मांजर घरात राहू शकतं. न धुतलेली भाजी आणि अर्धकच्चं मांस ह्या वाटाही तितक्याच धोक्याच्या आहेत. त्यांना कुणी पोत्यात घालत नाही. घमेल्यात जाणारं मांजर तर ह्या बाबतीत परसवात कुठेही उकरणाऱ्या मांजरापेक्षा बरं, कारण त्याची घाण कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं.

हे शहरी चोचले आहेत, असंही म्हणतात. पुण्या-मुंबईचे लोक मांजरासाठी मातीच्या पिशव्या विकत आणतात, आपण कुठे? पण त्या पिशवीचा इतिहास बघा. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एडवर्ड लो ह्या तरुणाकडे त्याची एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. ती राख वापरून कंटाळली होती, घरभर राखेचे पाय उमटत. त्यानं तिला तेल शोषून घेणारी सुकी चिकणमाती दिली, आणि तिथून तो धंदा उभा राहिला. म्हणजे त्याआधी तिकडेही बाया राख आणि वाळूच वापरत होत्या. जी गोष्ट आपल्या मांगरात पडून आहे ती शहरी कशी? वाळू, लाकूड गिरणीतला भुसा, सोडणाचा काथ्या काढल्यावर उरणारा भुगा, ह्यातलं काहीही चालतं. फक्त ते कोरडं हवं. किनाऱ्यावरची खारी वाळू मात्र नको. मीठ हवेतली ओल धरतं आणि पावसाळ्यात ती कधी सुकत नाही.

शेवटी पोतं. बंदरावर मासळी असते, ते उपाशी मरत नाही, ह्या वाक्यावर तर सगळ्या मताचा भार आहे, कारण त्यावाचून हे काम करवतच नाही. मांजरं पावसाळ्यात सोडली जातात हे वर आलंच आहे. आणि १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी गुंडाळलेली, धक्का मोकळा. हे आपल्याला माहीत नाही? ह्याच दोन महिन्यांसाठी आपण सुकट, सोडे, खारे बांगडे भरून ठेवतो. माणसांना मिळत नाही ती मासळी पोत्यातून बाहेर पडलेल्या मांजराला कोण देणार? तिथे आधीच ठाण मांडलेले बोके आहेत, कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. घराची हद्द सोडून कधी न गेलेलं जनावर अनोळखी वासांत उतरतं, जिथे आडोसा दिसेल तिथे लपतं आणि भुकेनं बाहेर येतं तेव्हा फाडलं जातं. काही परत यायला निघतात. वाटेत रस्ता असतो, वाहनं असतात, बिबट्याही असतो.

हा गुन्हाही आहे. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचं अकरावं कलम सांगतं की उपासमारीची किंवा तहानेची पाळी येईल अशा स्थितीत, सबळ कारणाशिवाय, जनावर सोडून देणं हा अपराध आहे. त्यासाठी तेव्हा ठरवलेला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये. इतका क्षुल्लक दंड पाहून कुणी म्हणेल, मग काय एवढं. मी म्हणते, दंड क्षुल्लक आहे म्हणून अपराध क्षुल्लक ठरत नाही. आणि कायदा बाजूला ठेवा. बाळाच्या सहाव्या दिवशी आपण सटवाईची पूजा करतो. सटवाई म्हणजे षष्ठी, आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजर. जिच्याकडे लेकराचं आयुष्य मागायचं तिच्या वाहनाला सुतळीनं बांधायचं, हे आपल्या घरात शोभतं का?

वळण मांजराला असतंच. कमी आहे ते आपल्या घरात कोरड्या वाळूचं एक घमेलं आणि ते रोज उपसायचा पाच मिनिटांचा कंटाळा न करणं. एवढं ज्यांना जमत नाही त्यांनी मांजर पाळू नये, हे मी स्पष्ट म्हणते. पण पाळलं असेल तर त्याच्या घाणीचा दोष त्याच्यावर टाकू नका.

मृगाआधी आपण आगोटीची बेगमी करतो. लाकडं, मीठ, मिरची, सुकी मासळी, पेंढा. यंदा त्या यादीत दोन पाट्या वाळू लिहा आणि ती उन्हात वाळवून मांगरात भरून ठेवा. घरात दोन मांजरं असतील तर घमेली तीन ठेवा. आणि कुणी पोतं घेऊन निघालाच असाल, तर जयगडच्या रस्त्याला लागण्याआधी आमच्या पडवीत या. घमेलं मी देते.